पदवीनंतरची सनद

(अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विधी शाखेच्या पदवीधराला न्यायालयात उभे राहण्यासाठी सनद घ्यावी लागते. तशी तरतूद १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमात आहे. वास्तुविशारदांच्या नोंदणीसाठी १९७२ चा अधिनियम आहे. डॉक्टरांच्या नोंदणीविषयी तर सांगावयासच नको. अभियंत्यांसाठी मात्र असा सर्वंकष केंद्रीय कायदा आपल्या देशात नाही. त्यामुळे पदवी हाती पडताच आपण पूर्ण अभियंता झालो, असा समज सहज होतो. त्याची कसोटी पुढे लागते, आणि ती परीक्षागृहात लागत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीच्या जड थरांची माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली. त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. २००२ साली भारतीय मानक १८९३ ची सुधारित आवृत्ती निघाली, तेव्हा पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात आला. १९९० मध्ये पदवी घेऊन ज्या स्थापत्य अभियंत्याने नंतर मानकाची नवी प्रत उघडलीच नसेल, त्याचे पदवीपत्र काही रद्द होत नाही. परंतु त्याच्या आकडेमोडीवर उभ्या राहिलेल्या घरात राहणाऱ्यांचे काय? व्यावसायिक पात्रतेचा विचार या प्रश्नापासून सुरू व्हावा असे मला वाटते. वेतनश्रेणीचा विचार त्यानंतरचा.

सर्वंकष कायदा नसला, तरी जेथे जीविताचा वा राष्ट्रीय संपत्तीचा प्रश्न येतो तेथे पदवीपलीकडची पात्रता मागितली जाते. विद्युत मांडणीचे काम सक्षमता दाखला धारण करणाऱ्याच्या देखरेखीखालीच व्हावे लागते. इमारतीच्या आराखड्यावर संरचना अभियंता म्हणून स्वाक्षरी करावयाची, तर स्थानिक विकास नियंत्रण नियमांनुसार पदवीबरोबर काही वर्षांचा अनुभव लागतो. २००१ च्या ऊर्जा संवर्धन अधिनियमाने ऊर्जा लेखापरीक्षक हा नवा व्यवसायच निर्माण केला. त्याच्या राष्ट्रीय परीक्षेत चार प्रश्नपत्रिका असतात, आणि अभियांत्रिकी पदवीधराला तीन वर्षांच्या संबंधित अनुभवानंतरच तीस बसता येते. साखर कारखाने, सूतगिरण्या, पाणीपुरवठ्याचे पंप यांच्या या राज्यात अशा जाणकारांना काम कमी पडू नये.

इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया) ही संस्था १९२० मध्ये स्थापन झाली व १९३५ मध्ये तिला शाही सनद मिळाली. पात्र सदस्यांना ती ‘चार्टर्ड इंजिनिअर’ म्हणून प्रमाणित करते. याच संस्थेच्या परीक्षा देऊन नोकरी सांभाळणाऱ्या असंख्य पदविकाधारकांनी रात्रीच्या अभ्यासावर अभियंतापद मिळविले, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. मात्र त्या परीक्षांची केंद्र शासनाच्या नोकरीसाठीची पदवीसमान मान्यता ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरतीच ठेवण्यात आली. धाकट्या भावंडांना जुन्या माहितीवर सल्ला देऊ नका.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांनी एक बाब नीट समजून घ्यावी. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. परंतु त्याचा लाभ राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाने त्या कसोटीवर मान्य केलेल्या अभ्यासक्रमांनाच मिळतो. मान्यता महाविद्यालयाला सरसकट नसून शाखेला आणि ठराविक वर्षांना असते. आपल्या शाखेची स्थिती कार्यालयात जाऊन विचारा. विचारण्यात संकोच कसला?

स्पर्धा परीक्षांविषयी थोडेसे. लोकसेवा आयोगामार्फत शासनाच्या अभियांत्रिकी सेवेत येणे ही मोठी संधी आहे. परंतु केवळ तयारीत तीन-चार वर्षे घालवून, या काळात एकही पाया खोदताना वा एकही यंत्र उघडताना न पाहिलेला तरुण मला चिंतेत टाकतो. तयारी चालू ठेवूनही हाताला काम देता येते.

त्यासाठी एक मार्ग हाताशी आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा. १९७३ च्या दुरुस्तीने तो पदवीधर व पदविकाधारक अभियंत्यांना लागू झाला. एक वर्षाचे प्रशिक्षण, दरमहा विद्यावेतन आणि शेवटी प्रमाणपत्र असे त्याचे स्वरूप आहे. विहित किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र शासन उचलते. त्या वर्षात एक नोंदवही ठेवा: कोणते काम, कोणाच्या देखरेखीखाली, कोणता हिशेब स्वतः केला, काय बिघडले व का. व्यावसायिक संस्था सदस्यत्व देताना अनुभवाचा असाच तपशील मागतात, आणि पाच वर्षांनी तो आठवणीतून लिहिता येत नाही.

वर्षभर वा अधिक काळ नोकरी केलेल्या पदवीधराला मात्र ही सवलत मिळत नाही. पश्चिम विभागाचे शिकाऊ उमेदवार प्रशिक्षण मंडळ मुंबईत आहे. नोंदणीची चौकशी महाविद्यालयाच्या सेवायोजन कक्षात निकालापूर्वीच करून ठेवावी.