वाढत्या वयाचे मनगट



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, वाङ्मय, अर्थकारण असे भारदस्त विषय असतात. त्यांच्या पंक्तीत आज मनगट कसे येऊन बसले, असा प्रश्न फलक वाचताना आपल्यापैकी काहींना पडला असेल. परंतु मराठी माणसाला मनगट परके नाही. एखाद्याने नाव कमावले की तो मनगटाच्या जोरावर वर आला, असे आपण म्हणतो. मी आज ज्या मुलांविषयी बोलणार आहे ती मात्र अक्षरशः मनगटाच्या जोरावर उभी राहतात. जिमनॅस्टिक्स करणारी ही मुले आठ, दहा, बारा वर्षांची असतात. पाय वर आणि हात जमिनीवर, अशा स्थितीत त्यांच्या दिवसाचे एक-दोन तास जातात.

मी हाडांचा डॉक्टर आहे. सुरुवातीलाच एका चुकीची कबुली देतो. ती चूक माझीच आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी अकरा वर्षांची एक मुलगी आईबरोबर माझ्याकडे आली. हात मागे वाकवून जमिनीवर भार टाकला की उजवे मनगट दुखते, एवढीच तक्रार होती. मी क्ष-किरण चित्र काढले. ते स्वच्छ होते. "काही नाही, जरा लचकले आहे," असे म्हणून मी मलम दिले, पट्टा दिला आणि आठ दिवस जपायला सांगितले. आठवड्याने ती हसत आली. "डॉक्टरकाका, आता दुखत नाही," म्हणाली. पुढच्या महिन्यात तिची स्पर्धा होती. मी परवानगी दिली. तिला मी पुन्हा पाहिले ते दोन वर्षांनी. तेव्हा किल्ली फिरवतानाही तिचे मनगट दुखत होते. मी विचारले, "इतके दिवस का सांगितले नाहीस?" ती म्हणाली, "सांगितले असते तर संघातून काढले असते."

त्या मनगटात काय घडले होते ते आधी सांगतो.

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात, एक अंगठ्याच्या बाजूचे आणि दुसरे करंगळीच्या बाजूचे. हातावर भार दिला की त्यातला सुमारे ८० टक्के भार अंगठ्याकडचे हाड पेलते. वाढत्या मुलात या हाडाच्या खालच्या टोकाशी, मनगटाच्या घडीच्या बोटभर वर, कूर्चेची एक पातळ चकती असते. तिच्यातील पेशी वाढतात, त्यांचे हाड होते आणि हात लांब होतो. या हाडाची तीनचतुर्थांशाहून अधिक लांबी ह्याच एका चकतीतून येते. मुलींमध्ये साधारण पंधराव्या-सोळाव्या वर्षी आणि मुलांमध्ये त्यानंतर एक-दोन वर्षांनी ती भरून येते व वाढ थांबते. तोपर्यंत मात्र ती आजूबाजूच्या हाडापेक्षा आणि स्नायुबंधांपेक्षाही नाजूक असते. जेथे मोठ्या माणसाचा स्नायुबंध ताणला जाईल, तेथे मुलाची चकती दुखावते.

आता भाराचा हिशेब पाहा. पॉमेल हॉर्सवर, म्हणजे पुरुषांच्या स्पर्धेतल्या त्या दोन मुठींच्या घोड्यावर, मनगटावर येणारा भार मोजला गेला आहे. तो शरीराच्या वजनाच्या दुपटीपर्यंत जातो. तीस किलो वजनाच्या मुलाच्या बाबतीत हा भार साठ किलोंचा झाला. सिमेंटचे भरलेले पोते पन्नास किलोंचे असते. पावलाची हाडे आणि कमान असा भार घेण्यासाठी घडलेली आहेत. मनगटाची आठ लहान हाडे घडली ती पकडण्यासाठी आणि वळण्यासाठी.

हा दाब वारंवार पडला की चकतीजवळच्या बारीक रक्तवाहिन्यांचा पुरवठा बिघडतो. कूर्चेचे हाड होण्याचे काम खोळंबते, चकती रुंदावते आणि तिची कड खडबडीत होते. तरीही दाब चालूच राहिला तर ती वेळेआधीच बंद होऊ शकते. करंगळीकडचे हाड मात्र वाढत राहते आणि शेजाऱ्यापेक्षा लांब होते. ते केवळ अडीच मिलिमीटर लांब झाले तरी त्याच्यावरचा भार सुमारे १८ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर जातो, असे प्रयोगात आढळले आहे. अडीच मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याची जाडी! माझ्या रुग्ण मुलीचे नेमके हेच झाले होते. पुढे शस्त्रक्रिया करून तिचे करंगळीकडचे हाड आखूड करावे लागले.

मग माझे पहिले चित्र स्वच्छ कसे? १९८५ साली अमेरिकेतील क्रीडावैद्यकाच्या एका नियतकालिकात रॉय, केन आणि सिंगर यांनी अशा २१ मुलामुलींची हकीकत प्रसिद्ध केली. अकराजणांच्या चित्रात बदल दिसत होते. त्यांना बरे व्हायला किमान तीन महिने लागले. उरलेल्या दहाजणांना दुखणे तसलेच होते, पण चित्र स्वच्छ होते. ती सरासरी चार आठवड्यांत बरी झाली. चित्र स्वच्छ आहे याचा अर्थ आजार नाही असा नव्हे. आपण वेळेवर आलो आहोत, एवढाच त्याचा अर्थ. मी त्याचा उलटा अर्थ लावला.

आता हे ओळखायचे कसे? आपल्या व्यायामशाळांत एक जुना समज आहे की अंग धरले म्हणून व्यायाम सोडू नये, ते व्यायामानेच सुटते. हा समज खोटा नाही. पण तो स्नायूंपुरता खरा आहे. अंग धरते ते मांडीत, दंडात, पोटऱ्यांत. सगळीकडे सारखे धरते आणि दोन-तीन दिवसांत सुटते. चकतीचे दुखणे सांध्याजवळ एका जागी असते, हात मागे वाकवून भार दिला की उठते आणि आठवड्यांमागून आठवडे वाढत जाते. प्रथम ते सरावानंतर दुखते, मग सरावात दुखते आणि शेवटी दप्तर उचलतानाही दुखते. अंगठ्याच्या बाजूला, घडीच्या बोटभर वर दाबून पाहावे. तेथे मूल कळवळले, किंवा दोन्ही हातांत फरक दिसला, तर त्या दिवसापासून हातांवरचा भार बंद करावा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. दहा ते चौदा या वयात, उंची झपाट्याने वाढत असताना, अधिक सावध राहावे. पडल्यानंतर एकाएकी दुखू लागले, सूज आली किंवा अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर दुखले, तर ती अस्थिभंगाची शंका समजावी आणि त्याच दिवशी दाखवावे.

उपचार ऐकून आपली निराशा होईल, कारण मुख्य उपचार विश्रांती हाच आहे. भारी औषध नाही, सुई नाही. काही वेळा आधारपट्टी किंवा प्लॅस्टर लागते, इतकेच. वेदनाशामक गोळी देऊन सराव चालू ठेवणे हे मात्र घरात धूर दिसताच डोळे मिटून घेण्यासारखे आहे. विश्रांती मनगटाला द्यायची, मुलाला नव्हे. पायांचे बळ, पोट-पाठीचे व्यायाम, लवचिकपणा, बॅलन्स बीमवरचे हात न टेकता करायचे प्रकार हे सारे चालू ठेवता येते. मूल व्यायामशाळेतून तुटले नाही तर ते दुखणे लपवणार नाही.

परतीची वाट पायरीपायरीने चढावी. दाबून दुखत नाही आणि मनगट पूर्ण फिरते, हे डॉक्टरांनी पाहिल्यावरच सुरुवात करावी. आधी भिंतीवर हात टेकून, मग गुडघे टेकून, मग पूर्ण दंड. त्यानंतर हातांवर उभे राहणे, पुढे मऊ गादीवरच्या उड्या आणि सर्वांत शेवटी व्हॉल्ट व पॉमेल हॉर्स. ज्या पायरीवर दुखेल तिच्या खालच्या पायरीवर परत यावे. त्यात कमीपणा नाही.

आणि हे दुखणे येऊच नये म्हणून? शिक्षकांनी हातांवर पडणाऱ्या उड्यांची मोजदाद ठेवावी. क्रिकेटमध्ये लहान गोलंदाजाची षटके मोजतात, तशीच. एक दिवस हातांवर भाराचा, तर दुसरा बारवर लोंबकळण्याचा, असा पालट ठेवावा. हातांवर उभे राहण्याचा काही सराव जमिनीवर पंजे न टेकता लाकडी मुठी धरून करावा. त्यात मनगट सरळ राहते. खांदे मोकळे करावेत, कारण खांदा पूर्ण उघडला नाही तर त्याची उणीव मनगट भरून काढते. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी द्यावी. मुलांची उंची दर महिन्याला भिंतीवर खूण करून मोजावी आणि ती भराभर वाढताना दिसली तर हातांवरचे काम कमी करावे.

उद्यापासून उन्हाळी शिबिरे सुरू होतील. परीक्षेपायी दोन महिने घरी बसलेले मूल एकदम सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळ सरावाला जुंपले जाईल. मनगटांची दुखणी माझ्याकडे मे महिन्यात जास्त येतात, ती यामुळे. पहिल्या आठवड्यात निम्माच भार द्या, एवढीच विनंती.

शेवटी, त्या मुलीचे उत्तर विसरू नका. तिला कोणी मारले नव्हते की धमकावले नव्हते. सोसणाऱ्या मुलाचे आपण कौतुक करतो आणि सांगणाऱ्याला रडका म्हणतो, एवढेच तिने पाहिले होते. "दुखत नाही ना?" असे विचारले की मूल "नाही" म्हणणारच, प्रश्नातच उत्तर दिलेले असते. "आज मनगट कसे आहे?" असे विचारा, आणि खरे सांगितल्याने संघातली जागा जाणार नाही, असा शब्द आधी द्या. तो शब्द पाळणे शिक्षकांच्या आणि आईवडिलांच्या हाती आहे.

ती मुलगी आज स्वतः लहान मुलांना शिकवते. सराव सुरू करण्यापूर्वी ती प्रत्येकाचे मनगट हातात घेऊन, दाबून पाहते. त्याला पाच मिनिटे लागतात. तेवढी पाच मिनिटे मी तिला दिली नव्हती.