जिना आणि कायदा



ज्यांचे बालपण जुन्या वाड्यात गेले, त्यांना भिंतीच्या पोटातला जिना आठवत असेल. अंधार, उभा चढ, आधाराला वरून सोडलेला दोर, आणि मान लववायला विसरलात तर कपाळावर बसणारा तुळईचा प्रसाद! पण तो जिना एका कुटुंबाचा असे आणि घरातल्या लहानथोरांना त्याची प्रत्येक पायरी पाठ असे. आज इंदूर, बडोदे, बेळगाव, पणजी अशा शहरांतून वाड्यांच्या जागी सदनिकांच्या उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. तेथला जिना वीस बिऱ्हाडांचा सामाईक, म्हणजे व्यवहारात कोणाचाच नाही. म्हणूनच त्याची चिंता कायद्याला करावी लागते.

आपल्या देशात राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम १९७० साली प्रसिद्ध झाली. पुढे १९८३, २००५ आणि २०१६ साली तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. ही संहिता स्वतः कायदा नव्हे, ती शिफारस आहे. राज्य सरकार किंवा नगरपालिका आपल्या नियमांत ती स्वीकारते, तेव्हा तिला कायद्याचे बळ येते. मध्य प्रदेशात २०१२ चे भूमी विकास नियम, गुजरातेत २०१७ ची विकास नियंत्रण नियमावली, गोव्यात २०१० चे बांधकाम विनियम, अशी प्रत्येक प्रांताची पोथी निराळी. तपशिलात फरक असला, तरी गाभा बहुतांशी एकच आहे.

त्यातील काही मापे सांगतो. संहितेप्रमाणे राहत्या इमारतीचा जिना किमान १ मीटर रुंद असावा. पाऊल टेकण्याची जागा २५० मिलिमीटरांहून कमी नसावी, आणि पायरीची उंची १९० मिलिमीटरांहून अधिक नसावी. जिन्याखालून जाणाऱ्याच्या डोक्यावर किमान २.२ मीटर मोकळी जागा असावी. हे आकडे कोणा अधिकाऱ्याच्या लहरीतून आलेले नाहीत. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये फ्रान्स्वा ब्लोंडेल या वास्तुविशारदाने असा हिशेब मांडला, की पायरीच्या उंचीची दुप्पट आणि तिची रुंदी यांची बेरीज माणसाच्या एका सहज पावलाएवढी भरावी. त्याचे हे पाऊल आजच्या मापाने सुमारे ६५ सेंटीमीटर होते. आता आपल्या संहितेची बेरीज करून पाहा: दोनदा १९ आणि वर २५, म्हणजे ६३ सेंटीमीटर. साडेतीनशे वर्षांनंतरही पाऊल तेच आहे!

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे सर्व पायऱ्यांचा सारखेपणा. जिना चढताना आपण प्रत्येक पायरीकडे पाहत नाही. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवर पाय माप घेतो आणि पुढे त्याच विश्वासाने पडत राहतो. एकच पायरी बोटभर उंच निघाली, की ठेच लागलीच. गवंडी पायऱ्या मापात काढतो. मागाहून मजल्यावर फरशी बसते, आणि नेमकी पहिली किंवा शेवटची पायरी इतरांशी विजोड होते. म्हाताऱ्या माणसांचे घसरणे आपण वयाच्या माथी मारतो. पुष्कळदा त्यात फरशीचाही वाटा असतो.

परंतु जिन्याची खरी परीक्षा आगीच्या वेळी होते. तापलेला वायू वर धावतो, आणि इमारतीत त्याला सर्वांत मोकळी वाट जिन्याचीच सापडते. ज्या वाटेने माणसे खाली यावयाची, तीच धुराडे बनते. म्हणून जिना न जळणाऱ्या सामग्रीचा असावा, तो लिफ्टच्या भोवती गुंडाळलेला नसावा, त्यातून गॅसची नळी किंवा विजेची पेटी जाऊ नये, अशी बंधने संहिता घालते. बाहेर पडण्याचे दार आतून किल्लीवाचून उघडले पाहिजे, असेही ती सांगते.

७ मे २०२२ च्या पहाटे इंदूरच्या स्वर्णबाग वसाहतीत काय घडले, ते अनेकांना स्मरत असेल. खाली उभ्या केलेल्या एका दुचाकीला कोणी आग लावली; ती आग इतर वाहनांना लागली आणि इमारतीभर पसरली. खाली उतरण्याची वाट आगीने आणि धुराने अडवली. सात माणसे दगावली. जिन्याच्या तोंडाशी ओळीने वाहने लावणे आपल्याला किती सोयीचे वाटते!

नकाशात जिना नियमाप्रमाणे असतो, इमारतीला वापराचा दाखलाही मिळतो. नियमभंग सुरू होतो तो आपण राहावयास आल्यावर. चपलांचे कपाट, जुनी सायकल, दिवाळीनंतरची खोकी आणि एखाद्या दारापुढे वाढवलेली लोखंडी जाळी यांनी एक मीटरचा जिना दोन फुटांवर येतो. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने इमारतीतील अग्निसुरक्षेची जबाबदारी मालकावर व भोगवटादारावर टाकली आहे. तेथील यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. पण दाखला यंत्रणेचा असतो. सायकल कोणाची, हे तो सांगत नाही.

आमच्या इमारतीच्या सभेत मी गच्चीच्या दाराच्या कुलपाचा विषय काढला, तेव्हा चोरांचे भय दाखवण्यात आले. ते भय खोटे नव्हते. किल्ली तळमजल्यावरील एका गृहस्थांकडे होती, आणि ते वर्षातून चार महिने मुलाकडे परगावी राहत. बराच वेळ वाद झाला. शेवटी कुलूप काढून आतल्या बाजूस कडी बसवावी असे ठरले. कडीचे पैसे कोणी द्यावयाचे, यावर मात्र आणखी एक सभा घ्यावी लागली.