पाण्याचा आकडा ग्रामसभेच्या वहीत
(कळमनुरी तालुक्यातल्या बैठकीत केलेलं भाषण)



जमिनीच्या पट्ट्यासाठी आपण वर्षानुवर्षं भांडतोय. पण पाणी मात्र नुसतं डोळ्यांनी पारखतो. नितळ दिसलं की प्यालो. फ्लोराइड डोळ्याला दिसत नाही, त्याचा वास येत नाही, पाणी उकळलं तरी जात नाही. शेजारच्या नांदेडात किनवटकडं, यवतमाळात पांढरकवड्याकडं या पाण्यानं लेकरांचे दात पिवळे-तपकिरी पडले, मोठ्यांचे सांधे आखडले.

खोल बोअरला धोका जास्त, उथळ विहिरीला बहुधा कमी. म्हणून प्रत्येक हापसा, प्रत्येक विहीर वेगळी तपासायची. जलजीवन मिशनमध्ये दर गावात 5 बायांना किटवर तपासणी शिकवायची असं ठरलंय. आपल्या गावातल्या त्या 5 जणी कोण, हे ग्रामसेवकाला विचारू. लिटरमागं 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरं पाणीच नसलं तर 1.5 ही शेवटची हद्द. त्यावर गेलं तर प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेला देऊ.

चांगलं पाणी जंगलात असलं अन् 'जागा वनखात्याची' म्हणून कुणी अडवलं, तर वनहक्क कायदा 2006, कलम 3(2) दाखवा. पिण्याच्या पाण्यासाठी, पाइपलाइनसाठी 1 हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटू नयेत, अन् ग्रामसभेची शिफारस पाहिजे.

ती शिफारस आपल्याच हातात आहे. नुसती तक्रार नको. आकडा वहीत लिहू, ठराव घेऊ, मग सगळे मिळून कचेरीत जाऊ.

जिंदाबाद!