शेजारीं मागणें

अंबरनाथच्या कडेला मोरिवली नांवाचें गांव आहे. गांव म्हणावें तर आतां त्याच्या सभोंवार कारखान्यांची वसाहत आणि उंच इमारती उभ्या आहेत; शहर म्हणावें तर जुन्या वस्तीनें आपलें गांवपण अगदींच टाकलेलें नाहीं. अशा सीमेवरच्या ठिकाणीं शेजाराचें काय होतें, हें पाहण्यासारखें असतें.

पूर्वीं शेजारच्या घरीं जाण्याचें पहिलें निमित्त विस्तव. चुलींत निखारा उरला नाहीं म्हणजे गोवरीच्या तुकड्यावर शेजारणीचा विस्तव आणीत. तेवढ्या दोन क्षणांत घरचें दुखणें, परगांवचें पत्र, सुनेचें माहेरीं जाणें, सारें कळून जाई. पुढें १९२० नंतरच्या दशकांत अंबरनाथेसच विम्को कंपनीनें काड्यापेट्यांचा मोठा कारखाना काढला. काडी ओढतांच चूल पेटूं लागली आणि उंबरठा ओलांडण्याचें एक कारण नाहींसें झालें. यांत दोष काडीचा नव्हे; पहांटे फुंकणीनें धूर खाणाऱ्या बायकांना तिनें केवढें सुख दिलें, हें त्यांनाच ठाऊक. कारखाना आतां राहिला नाहीं, विम्को नाका हें नांव राहिलें आहे.

विस्तव गेला तरी विरजण होतें, वाटीभर साखर होती. आलेली वाटी रिकामी परत करूं नये, अशी रीत असे. साखरेच्या वाटींतून वड्या यावयाच्या, वड्यांच्या वाटींतून लोणचें जावयाचें. हिशेब कधीं चुकता होत नसे, आणि तो चुकता होऊं नये हीच त्या रीतीची खुबी होती. आज दही पिशवींतून येतें आणि साखर दाराशीं येऊन पडते. "आम्ही कोणाच्या अध्यांत नाहीं कीं मध्यांत नाहीं," असें पुष्कळ घरीं अभिमानानें सांगतात. दानाची स्तुति सर्वच करतात, परंतु देणें त्या मानानें सोपें. देणाऱ्याचा हात वर असतो. मागण्यास थोडें लहान व्हावें लागतें. शिवाय जो कधीं कांहींच मागत नाहीं, त्याच्याकडे मागावयास दुसराहि धजत नाहीं.

शेजारी निवडून मिळत नाहीं, हें मोरिवलीजवळच्या उल्हासनगराइतकें क्वचित् कोणास कळलें असेल. फाळणीनंतर सिंधमधून आलेलीं कुटुंबें कल्याणच्या लष्करी छावणींतल्या बराकींत राहिलीं. १९४९ सालीं त्या वस्तीला उल्हासनगर हें नांव मिळालें. पिढ्यान् पिढ्यांचे शेजारी मागें राहिले होते, आणि आडोशापलीकडच्या अनोळखी माणसाचा खोकलासुद्धां ऐकूं येत होता. तेथें कोणाच्या मध्यांत न येणें शक्यच नव्हतें!

आतांच्या इमारतींतल्या भिंती जाड आहेत. पतिपत्नी दोघेंहि मुंबईस नोकरीला जाणारीं असलीं, तर साठेक किलोमीटरांचा प्रवास करून तीं परततात तों दिवेलागण उलटून गेलेली असते. घरीं राहते ती वृद्ध आई. मुलगा दुपारीं फोन करतो, ती "बरी आहे" म्हणते. तें खरें कीं लेकाला घोर नको म्हणून, हें मुंबईंत बसून कळत नाहीं. समोरच्या दारांतल्या बाईला कळतें. दुधाची पिशवी दहा वाजेपर्यंत कडीला लोंबत राहिली, कीं ती बेल वाजवते, आणि उत्तर आलें नाहीं तर खिळ्यावरची किल्ली घेऊन दार उघडते. पण ती किल्ली तिच्या खिळ्यावर असावी लागते. किल्ली ठेवावयास देणें हें दिसावयास देणें; खरें पाहतां तें मागणेंच आहे, आणि वाटीभर साखरेहून अधिक अवघड.

२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोहमार्ग पाण्याखालीं गेले, ठिकठिकाणीं फोन मुके झाले, आणि उपनगरांतले असंख्य चाकरमानी त्या रात्रीं घरीं पोंचलेच नाहींत. कोणी कचेरींतच राहिले, कोणी रुळांवरून चालत निघाले. कल्याणपलीकडे घर असलेल्यांना तर चालूनहि तें रात्रींत गांठतां येण्यासारखें नव्हतें. शाळेंतून आलेलीं मुलें कुलपाशीं उभीं असतील, म्हातारी अंधारांत असेल, एवढाच विचार त्यांच्या मनांत असणार. ज्यांची किल्ली शेजारीं होती, त्यांना निदान त्या खिळ्याची आठवण काढतां आली.