मेंदूतील रक्तवाहिन्यांचा गुंता आपोआप नाहीसा होतो तेव्हा



धमनीतले रक्त आधी केसाहून बारीक अशा केशवाहिन्यांत शिरते, तेथे त्याचा जोर ओसरतो आणि मग ते शिरांत उतरते. काहींच्या मेंदूत एखाद्या ठिकाणी ह्या केशवाहिन्याच नसतात. धमन्या थेट शिरांना जोडल्या जाऊन गुंता होतो. डॉक्टर त्याला ए. व्ही. एम. म्हणतात. धमनीचा दाब सोसणारी शीर फुटली की मेंदूत रक्तस्राव होतो. दरवर्षी शंभर रुग्णांत साधारण दोन ते चार जणांवर हा प्रसंग येतो.

१९२७ साली पोर्तुगालचे डॉ. एगास मोनिझ यांनी मेंदूतील रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्र काढून दाखविले. ही अँजिओग्राफी रूढ झाल्यावर एक नवल नजरेस आले. पहिल्या चित्रातला गुंता, कोणताही उपचार न करता, पुढच्या चित्रात दिसेनासा झाला! असे फार क्वचित घडते, शंभरात एखाद्याच्याच बाबतीत.

हा चमत्कार आहे काय? मुळीच नाही. अशा रुग्णांपैकी अनेकांना आधी रक्तस्राव झालेला असतो, गुंता लहान असतो आणि रक्त बाहेर नेणारी शीर बहुधा एकच असते. त्या शिरेत गुठळी बसली की वाट बंद होते आणि मागचा गुंता गोठून जातो. कार्य आहे तेथे कारण आहेच.

पण आपल्याकडे लगेच म्हणतात, अंगाऱ्याने गुण आला. बरा झालेल्या एकाची गोष्ट गावभर होते. जे दगावले त्यांची गोष्ट कोण सांगणार? शिवाय नाहीसा झालेला गुंता पुन्हा दिसू लागल्याचीही उदाहरणे आहेत. म्हणून "गेला" म्हटल्यावरही तपासणी चुकवू नये.

याचा अर्थ प्रत्येकाने शस्त्रक्रियेची घाई करावी असाही नाही. गुंता न फुटलेल्या २२३ रुग्णांची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तीत पहिल्या काही वर्षांपुरते तरी, केवळ औषधांवर ठेवलेल्यांना पक्षाघात व मृत्यू कमी आले. निर्णय तज्ज्ञांनी रुग्ण पाहूनच घ्यावा.

बंधू-भगिनींनो, एकाएकी असह्य डोके दुखले, फिट आली किंवा एक बाजू लुळी पडली, तर भगताकडे जाऊ नका, तडक इस्पितळ गाठा. तिथे एकेक तास मोलाचा असतो.