आजोबांच्या खुर्चीला अनडू नाही

आज कोडिंग नाही, सुतारकाम.

आजोबांच्या सागवानी आरामखुर्चीचा पाय डगमगत होता. मी हौसेने दोन स्क्रू मारले, वर इपॉक्सी. पावसाळ्यात पाय उभा चिरला. लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाहीच. स्क्रू त्याला हलू देत नाहीत.

जुने कारागीर खाचेत कुसू बसवायचे. कुसवाचं भोक खांद्याकडे जेमतेम मिलिमीटरभर सरकवून पाडायचं, मग लाकडी खुंटी ठोकली की सांधा आपोआप आवळतो. सरस लावला असेल तर ऊब आणि ओलावा देऊन सोडवताही येतो. म्हणजे अनडू! इपॉक्सीला तो नाही.

सुतारकाकांनी पाय नवा घडवला. आजोबांच्या हाताचा जुना पाय मात्र गेला. म्हणून सांगतो, आधी सांधा बघा, ड्रिल नंतर.