पडद्यावरची शबाना आणि आपण
(मनोर येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



इथल्या मुलींनी कराटेचा वर्ग मागितला आहे. माझा त्याला पाठिंबा आहे. पण आधी एका सिनेमाबद्दल बोलू.

२०१५ साली ‘बेबी’ आला. नायक अक्षयकुमार. तापसी पन्नूची शबाना त्यात थोडाच वेळ दिसते, पण एका दांडग्या पुरुषाला एकटी लोळवते. २०१७ मध्ये तिच्याच नावाचा ‘नाम शबाना’ निघाला. मुंबईतली ही कॉलेजकन्या अशी कशी घडली, याची ती गोष्ट.

तिची पहिली मारामारी घरातली आहे. बाप आईला मारतो, मुलगी हात उचलते, बापाचा जीव जातो. पुढे छेड काढणाऱ्या पोरांच्या हातून तिचा मित्र मरतो. न्याय मिळत नाही. तेव्हा सरकारी गुप्त यंत्रणा म्हणते, सूड घ्यायला मदत करतो, मग आमचं काम कर. म्हणजे न्याय हक्काने नाही, तिच्या ताकदीच्या मोबदल्यात! जिच्या अंगात ती ताकद नाही, तिने काय करायचं?

राष्ट्रीय गुन्हे नोंदीत बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मुकादम. ठोसा मारायला शिकवता येतं. पण घरातल्याच माणसाला मारल्यावर रात्री झोपायचं कुठे?

म्हणून वर्ग हवाच, पण एकटा नको. समग्र शिक्षा योजनेत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी तीन महिन्यांचं स्वसंरक्षण प्रशिक्षण आहे. शाळेकडे ते मागा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३८व्या कलमानुसार बलात्कारासाठी हल्ला करणाऱ्याचा प्रतिकारात जीव गेला, तरी तो बचावाचा हक्क ठरू शकतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने राहत्या घरावरचा हक्क दिला आहे. मुलींना हेही शिकवू.

नाहीतर उद्या पाड्यावर विचारतील, “कराटे येत नाही, मग अंधारात बाहेर कशाला गेलीस?” बोईसर-तारापूरच्या कारखान्यातून सुटणाऱ्या बाईला वेळेवर गाडी हवी, रस्त्यावर दिवा हवा आणि ठाण्यात तिची तक्रार लिहून घेणारा पोलीस हवा. ही जबाबदारी तिच्या मुठीवर ढकलू देऊ नका.

मुलींनो, जोरात ओरडायला, लाथ मारायला जरूर शिका. आणि आपल्यातली एखादी ओरडली, तर तिच्या दारात जमायला आपण साऱ्याजणी शिकू.